लघु ट्रॅक्टरवरील मागील हायड्रॉलिक जोडणी व तिची निगा : खानदेशातील शेतीच्या संदर्भात विवेचन

सारांश

अल्पभूधारक शेतकऱ्यांमध्ये १५ ते २५ अश्वशक्तीच्या लघु ट्रॅक्टरचा वापर वाढला आहे. या ट्रॅक्टरची तीनबिंदू लिफ्ट अवजार उचलण्यापुरती पुरेशी असते. मात्र पलटी नांगर उलटविणे, डंपिंग ट्रॉली रिकामी करणे अशा कामांसाठी तेलाचा स्वतंत्र, नियंत्रित प्रवाह ट्रॅक्टरच्या मागील बाजूस उपलब्ध असावा लागतो. ही जोडणी पुष्कळदा गावातील कार्यशाळेत अनुभवाच्या आधारे केली जाते. प्रस्तुत लेखात या जोडणीमागील तत्त्व, तिचे प्रकार, आवश्यक हिशेब, निगा, दोषनिदान व सुरक्षितता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : लघु ट्रॅक्टर, तीनबिंदू जोडणी, नियंत्रण व्हॉल्व, डंपिंग ट्रॉली, पलटी नांगर, तेलाची स्वच्छता.

१. प्रस्तावना

जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले पिंप्राळा हे मूळचे स्वतंत्र गाव. शहर वाढत जाऊन गावाला येऊन मिळाले की शेतीचे स्वरूप बदलते. जमिनीचे तुकडे लहान होतात, मजूर शहरातील कामाकडे वळतो, बैलजोडी सांभाळणे परवडेनासे होते आणि उरलेली शेती यंत्राच्या आधारावर उभी राहते. अशा परिसरात ट्रॅक्टर केवळ नांगरणीसाठी नसतो. शेणखत, माती, विटा, वाळू व शेतमाल यांच्या वाहतुकीवर त्याची वर्षभराची कमाई अवलंबून असते.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर इतके होते. एवढ्या क्षेत्रासाठी ४०-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेणे बहुसंख्य कुटुंबांना शक्य नसते. दुसरीकडे, रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळीच्या पट्ट्यात आणि जळगाव-धुळ्याच्या कापूस पिकाच्या क्षेत्रात ओळींमधून चालणाऱ्या अरुंद यंत्राची गरज असते. १५ अश्वशक्तीचा 'महिंद्रा युवराज २१५', 'मित्सुबिशी शक्ती' या नावाने परिचित झालेले व्हीएसटी कंपनीचे ट्रॅक्टर, २१ अश्वशक्तीचा 'कुबोटा निओस्टार' आणि राजकोटचे 'कॅप्टन' हे या वर्गातील परिचित ट्रॅक्टर होत.

यंत्र लहान असले तरी त्याच्याकडून अपेक्षा मात्र मोठ्या यंत्राच्या असतात. खानदेशातील काळी भारी जमीन उन्हाळ्यात नांगरावयाची, तर पलटी नांगर हवा. वाहतूक करावयाची, तर ट्रॉली आपोआप रिकामी व्हावयास हवी. येथूनच मागील हायड्रॉलिक बसविण्याचा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न सोयीचा आहे तसाच सुरक्षिततेचाही आहे, कारण उचललेल्या ट्रॉलीखाली काम करणाऱ्या माणसाचा जीव अखेर एका नळीवर व एका सीलवर अवलंबून असतो.

२. पूर्वपीठिका

ट्रॅक्टरच्या मागे अवजार नुसते ओढण्याऐवजी ते ट्रॅक्टरलाच जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) यांच्या प्रयोगांतून स्थिर झाली. १९३६ मध्ये 'फर्ग्युसन-ब्राउन' ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी झालेल्या तोंडी करारानंतर १९३९ मध्ये 'फोर्ड ९ एन' हा ट्रॅक्टर निघाला. दोन खालच्या व एक वरचा असे तीन दांडे, आणि जमिनीच्या विरोधानुसार अवजाराची खोली आपोआप सांभाळणारी हायड्रॉलिक लिफ्ट, ही या रचनेची वैशिष्ट्ये होत. भारतात १९६० मध्ये चेन्नई येथे स्थापन झालेल्या 'टॅफे'ने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ही परंपरा आणली. १९६३ मध्ये महिंद्रा समूहाच्या सहभागाने 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन झाली.

या लिफ्टची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. लिफ्टचा सिलिंडर ट्रॅक्टरच्या आतच असतो आणि त्याचे तेल अवजारापर्यंत जात नाही. अवजारावर स्वतःचा सिलिंडर असेल, तर त्याला तेल पुरविण्याची वेगळी व्यवस्था लागते. या व्यवस्थेलाच प्रस्तुत लेखात 'मागील हायड्रॉलिक' असे म्हटले आहे.

३. मूलभूत तत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम या यंत्रणेचा पाया आहे. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सिलिंडरचे बळ हे दाब व दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके असते. सिलिंडरची गती मात्र दाबावर अवलंबून नसून दर मिनिटाला मिळणाऱ्या तेलावर अवलंबून असते. 'ट्रॉली हळू उचलते, म्हणून दाब वाढवा' हा कार्यशाळांमधून ऐकू येणारा सल्ला या दोन गोष्टींची गल्लत करणारा आहे.

उदाहरणादाखल, एखाद्या लघु ट्रॅक्टरचा गिअर पंप मिनिटाला १८ लिटर तेल देतो आणि त्याचा सुरक्षा व्हॉल्व १५० बार दाबाला उघडतो असे मानू. ट्रॉलीच्या जॅकच्या दांड्याचा व्यास ७० मिलिमीटर असल्यास क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर होते. त्यावर १५० बार दाबाने सुमारे ५,९०० किलोग्रॅम भाराइतके बळ मिळते. दांडा ९० सेंटिमीटर बाहेर येत असेल, तर जॅकमध्ये सुमारे साडेतीन लिटर तेल जाते आणि त्यास अंदाजे १२ सेकंद लागतात.

याच उदाहरणात पंपाची पूर्ण भारावरील शक्ती दाब गुणिले प्रवाह भागिले ६०० या सूत्राने ४.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६ अश्वशक्ती इतकी येते. १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा एक-तृतीयांश भाग आहे. मोठ्या ट्रॅक्टरवर नगण्य वाटणारा हायड्रॉलिक भार लघु ट्रॅक्टरवर इंजिन दाबून टाकतो, याचे कारण या हिशेबात आहे.

४. जोडणीचे प्रकार

४.१ लिफ्टमधून घेतलेला एकमार्गी प्रवाह

अनेक ट्रॅक्टरांच्या लिफ्टच्या आवरणावर तेल बाहेर घेण्यासाठी बंद केलेले छिद्र किंवा वळण व्हॉल्व असतो. तेथून एक नळी मागे आणली की लिफ्टच्याच लिव्हरने ट्रॉलीचा जॅक चालतो. खर्च कमी व रचना सोपी, हे या पद्धतीचे गुण. मात्र तेल एकाच दिशेने दाबाखाली जाते, आणि परतीचा प्रवास ट्रॉलीच्या वजनानेच व्हावा लागतो. डंपिंग ट्रॉलीसाठी हे पुरेसे आहे, परंतु दोन्ही दिशांना जोर लागणाऱ्या पलटी नांगराच्या सिलिंडरसाठी नाही. शिवाय वळण व्हॉल्व योग्य स्थितीत नसेल, तर लिफ्टचे हात व ट्रॉली एकाच वेळी हलण्याचा धोका असतो.

४.२ स्वतंत्र नियंत्रण व्हॉल्व

दुसऱ्या पद्धतीत पंप व लिफ्ट यांच्या दरम्यान स्वतंत्र नियंत्रण व्हॉल्व बसवितात. त्यातून दोन नळ्या मागे नेऊन झटपट जोडणीच्या कपलरना जोडतात. लिव्हर एका बाजूस केला की एका नळीतून तेल जाते व दुसरीतून परत येते. उलट बाजूस केला की क्रम बदलतो. पलटी नांगरासाठी हीच पद्धत योग्य ठरते. काही व्हॉल्वमध्ये तरंगती स्थितीही असते. तीत दोन्ही मार्ग परतीशी जोडले जातात आणि जमिनीवर टेकून चालणारे अवजार चढउतारानुसार मोकळे राहते.

या पद्धतीत एक चूक वारंवार घडू शकते. लघु ट्रॅक्टरांत सामान्यतः तेल सतत फिरत राहणारी, म्हणजे 'ओपन सेंटर' यंत्रणा असते. लिव्हर मध्यभागी असताना पंपाचे तेल व्हॉल्वमधून पुढे लिफ्टकडे गेले पाहिजे. व्हॉल्वच्या साध्या परतीच्या मार्गालाच लिफ्टची नळी जोडली, तर लिफ्ट उचलताना निर्माण होणारा सर्व दाब त्या परतीच्या पोकळीत साठतो. ती पोकळी एवढ्या दाबासाठी केलेली नसल्याने सील फुटते किंवा व्हॉल्वचे अंगच तडकते. म्हणून 'पॉवर बियॉन्ड' या नावाने ओळखला जाणारा पुढील दाबाचा मार्ग असलेला व्हॉल्वच निवडावा, आणि खुद्द व्हॉल्वची परती नळी वेगळी काढून थेट तेलाच्या टाकीत सोडावी. अशा जोडणीत मागील सिलिंडर चालू असताना लिफ्टला पुरेसे तेल मिळत नाही. हा दोष नसून रचनेचाच परिणाम आहे.

पॉवर स्टिअरिंग असलेल्या ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगच्या नळीतून तेल घेणे सर्वथा टाळावे. ट्रॉली उचलताना स्टिअरिंग जड होणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. उत्पादकाकडून त्या मॉडेलसाठी तयार संच मिळत असल्यास तोच श्रेयस्कर ठरतो. हमीच्या कालावधीत बाहेरून फेरफार करण्यापूर्वी हमीच्या अटी वाचून घेणे हिताचे असते.

५. जोडणीपूर्वीचा हिशेब

(अ) तेलाचे प्रमाण : लघु ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअरबॉक्स, मागील आस व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. जॅकमध्ये गेलेले तेल या साठ्यातून कमी होते. साडेतीन लिटर तेल बाहेर गेल्यावर, विशेषतः उतारावर, पंपाचे शोषणमुख उघडे पडणार नाही याची खात्री करावी. नवा जॅक प्रथम भरल्यानंतर तो पूर्ण मिटवून तेलाची पातळी पुन्हा पाहावी व घट भरून काढावी.

(आ) नळीचा व्यास : मिनिटाला १८ लिटर प्रवाहासाठी १० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीत तेलाचा वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर होतो. दाबाच्या नळीत तो चालतो. परतीसाठी मात्र १२.७ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या इंचाची नळी घ्यावी. तीत वेग सुमारे २.४ मीटरपर्यंत उतरतो आणि मागचा दाब व उष्णता कमी राहते.

(इ) नळीचा दर्जा व मार्ग : पोलादी तारांच्या जाळीची, यंत्रणेच्या कमाल दाबापेक्षा अधिक कार्यदाब छापलेली नळीच वापरावी. सिंचनाची किंवा फवारणी पंपाची नळी कितीही जाड दिसली तरी ती पर्याय नाही. नळी सायलेन्सर, पीटीओचा दांडा व लिफ्टचे हात यांपासून दूर न्यावी. तिला पीळ अथवा तीव्र वळण देऊ नये.

(ई) आटे व कपलर : निरनिराळ्या पद्धतींचे आटे दिसावयास सारखे असतात. त्यांची सरमिसळ करून गळती थांबविण्यासाठी टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची पद्धत घातक आहे. टेपचे तुकडे तेलात जाऊन व्हॉल्वमध्ये अडकतात. कपलर आयएसओ प्रमाणाचे असल्यास भाड्याने आणलेले वा शेजाऱ्याचे अवजारही विनासायास जोडता येते. जेथे अवजारे वाटून वापरली जातात, तेथे या एकसारखेपणाला आर्थिक मूल्य आहे.

(उ) वजनाचा तोल : या वर्गातील ट्रॅक्टरांची उचलक्षमता सुमारे साडेसातशे किलोग्रॅम असते. ही क्षमता खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असल्यास, भार जसजसा मागे जातो तसतशी ती कमी होते. पलटी नांगराला फाळांचे दोन संच असल्याने तो साध्या नांगरापेक्षा जड असतो. अवजार उचललेले असताना पुढील चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे, अन्यथा पुढे वजने बांधावीत.

(ऊ) सुरक्षा व्हॉल्व : नव्या नियंत्रण व्हॉल्वमध्ये स्वतःचा सुरक्षा व्हॉल्व असल्यास तो ट्रॅक्टरच्या मूळ मर्यादेपेक्षा अधिक दाबावर बसवू नये. दाबमापक जोडल्याशिवाय त्याचा स्क्रू फिरविणे म्हणजे अंधारात केलेला उपाय होय.

६. निगा

६.१ तेलाची स्वच्छता

नियंत्रण व्हॉल्वचा आतील दांडा व त्याचे घर यांतील फट साधारणपणे ५ ते १५ मायक्रॉन असते. नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. तेल डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ते यंत्राला स्वच्छ असतेच असे नाही, हा या दोन आकड्यांचा अर्थ आहे. खानदेशात उन्हाळी नांगरणीतील काळ्या मातीची धूळ व कापसाचे तंतू यांचा कपलरवाटे शिरकाव होतो. कपलर जोडण्यापूर्वी दोन्ही बाजू स्वच्छ फडक्याने पुसणे आणि वापर नसताना धूळटोपी लावणे, हे दोन उपाय जवळजवळ बिनखर्चाचे असून सर्वांत परिणामकारक आहेत.

नवीन जोडणीनंतर नळ्या कापताना व आटे पाडताना राहिलेले धातूचे कण तेलात येतात. म्हणून पहिल्या सुमारे ५० तासांनंतर फिल्टर बदलावा व शोषणजाळी धुवावी. त्यानंतरचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार ठेवावे.

६.२ तेलाची निवड

एकाच तेलावर गिअर, तेलात बुडालेले ब्रेक व हायड्रॉलिक चालत असल्याने त्या सर्वांसाठी बनविलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल वापरणे अनिवार्य ठरते. इंजिनासाठीचे तेल ओतल्यास ब्रेक आवाज करू लागतात किंवा घसरतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये लिव्हरच्या फाटक्या रबरातून अथवा श्वासछिद्रातून पाणी शिरते. असे तेल बदलणे व पाण्याचा मार्ग बुजविणे, या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

६.३ उष्णता

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. तेल तापले की पातळ होते, अंतर्गत गळती वाढते आणि त्या गळतीने तेल आणखी तापते. ट्रॉली पूर्ण उचलली गेल्यावरही लिव्हर दाबून धरल्यास सर्व तेल सुरक्षा व्हॉल्वमधून जाते आणि पूर्वोक्त ४.५ किलोवॅट शक्तीची केवळ उष्णता होते. साठ्यात २० लिटर तेल असल्यास त्याचे तापमान मिनिटाला सुमारे ८ अंशांनी वाढू शकते. चार-पाच मिनिटांत तेल सीलच्या सहनशक्तीच्या पलीकडे जाते. सिलिंडर टोकास पोहोचताच लिव्हर सोडणे ही सवय चालकास प्रथम लावावयास हवी.

उन्हाचा आणखी एक परिणाम अवजारावर होतो. सुटे केलेले अवजार उन्हात उभे राहिले की सिलिंडरमध्ये कोंडलेले तेल प्रसरण पावते आणि दाब इतका वाढतो की कपलर पुन्हा जोडला जात नाही. अशा वेळी हातोड्याने कपलर ठोकण्याची किंवा आटा सैल करून तेल उडविण्याची पद्धत धोक्याची आहे. अवजार जमिनीवर पूर्ण टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब सोडावा व मगच नळी काढावी, म्हणजे हा प्रसंग सहसा येत नाही. तरीही आल्यास अवजार सावलीत थंड होऊ द्यावे.

७. दोषनिदान

सुटे भाग बदलत बसण्याऐवजी लक्षणावरून कारणाकडे जाणे अधिक स्वस्त पडते. सर्वच हालचाली मंद झाल्या असतील, तर तेलाची पातळी, शोषणजाळी व फिल्टर यांची तपासणी प्रथम करावी आणि पंपावर संशय शेवटी घ्यावा. तेलावर फेस येत असेल व पंप कण्हत असेल, तर शोषणाच्या बाजूने हवा शिरत आहे. या बाजूस दाब नसल्याने तेथे तेल गळताना दिसत नाही, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. गार असताना काम ठीक आणि तापल्यावर मंद, असे लक्षण झीज किंवा चुकीचे पातळ तेल सुचविते.

उचललेली ट्रॉली हळूहळू खाली येत असल्यास एक साधा तर्क उपयोगी पडतो. ट्रॉलीच्या एकमार्गी जॅकमध्ये तेल फक्त एकाच बाजूस असते. त्याचे सील गेले असल्यास तेल बाहेर दिसलेच पाहिजे. बाहेर कोठेही तेल नसताना ट्रॉली उतरत असेल, तर तेल नियंत्रण व्हॉल्वमधून साठ्यात परतत आहे. अशा वेळी जॅकचे सील किट बदलून काहीही साध्य होत नाही. नियंत्रण व्हॉल्व हा मुळातच भार तासन्तास धरून ठेवण्यासाठी नसतो, हेही येथे स्पष्ट व्हावे.

८. सुरक्षितता

हायड्रॉलिकने उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा अवजाराखाली आधार दिल्याशिवाय कधीही जाऊ नये. ट्रॉलीच्या सांगाड्यालाच जोडलेला लोखंडी टेकू असणे ही चैन नसून जोडणीचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. ट्रॉली उलटविताना जमीन सपाट असावी, वरून विजेच्या तारा जात नाहीत हे पाहावे आणि मागचे फाळके उघडल्याची खात्री करावी.

नळीतील सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती त्वचा भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीस फारशी दुखतही नाही, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. आत गेलेल्या तेलाने ऊतींचा नाश होत असल्याने काही तासांच्या आत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधण्यासाठी हात न फिरविता पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. तेलाची धार लागल्यास हळद वा मलम लावून वाट न पाहता रुग्णास तातडीने शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि 'दाबाखालील तेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे.

९. निष्कर्ष

१. मागील हायड्रॉलिकमुळे लघु ट्रॅक्टरची उपयुक्तता वाढते. परंतु तेलाचा साठा, पंपाचा प्रवाह, इंजिनाची शक्ती व पुढील चाकांवरील भार या चार मर्यादा जोडणीपूर्वीच मोजल्या पाहिजेत.

२. केवळ डंपिंग ट्रॉली वापरावयाची असल्यास लिफ्टमधून घेतलेला एकमार्गी प्रवाह पुरेसा आहे. पलटी नांगरासाठी पुढील दाबाचा मार्ग असलेला स्वतंत्र नियंत्रण व्हॉल्व आवश्यक ठरतो.

३. बिघाडांचे मूळ बहुधा धूळ, पाणी व उष्णता यांत असते, आणि तिन्हींवरील प्राथमिक उपाय चालकाच्या हातात आहेत.

४. ट्रॉलीचा टेकू व गळती तपासण्याची योग्य रीत यांचा प्रसार हा तांत्रिक प्रश्न नसून लोकशिक्षणाचा प्रश्न आहे.

या शेवटच्या मुद्द्याच्या संदर्भात महाविद्यालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. पास्कलचा नियम शिकविताना प्रयोगशाळेतील काचेच्या नळीबरोबरच विद्यार्थ्याच्या घरच्या ट्रॉलीचा जॅक उदाहरणादाखल घेता येतो. दट्ट्याचा व्यास मोजून त्याचे बळ काढणे हा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास सहज जमणारा हिशेब आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांच्या साहाय्याने ट्रॉलींची नळी, कपलर व टेकू यांची तपासणी ठेवता येईल. खानदेशातील महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत. वर्गात शिकलेला नियम त्यांच्या खळ्यातील यंत्रापर्यंत पोहोचला, तर त्यातून वाचणारा खर्च कुटुंबाचा असेल आणि वाचणारा हात कदाचित त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांचा असेल.